लांब खोलीतली चूल

काकाजी, चूल होती. एक नाही, पाच.

तुमच्या तेरवीला चार दिवस होऊन गेले होते तेव्हा मला हे कळलं. हातातली लोखंडी सब्बल भिंतीला टेकवली, पदराला हात पुसले आणि फोनमध्ये तुमचा नंबर काढला. काढल्यावर लक्षात आलं. मग फोन पिशवीत ठेवला आणि ओट्यावर बसून राहिले. ज्या ओट्यावरून आपण सात वर्षं भांडलो, त्याच ओट्यावर. भांडण मी जिंकले होते आणि खोलीत सांगण्यासारखं कोणी नव्हतं. एक घूस होती, ती बिळात.

पेपरात तुमच्याबद्दल आलं ते वाचलं. शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण. सगळं बरोबर होतं. आमच्या गावच्या मठाबद्दल त्यात एक शब्द नव्हता, म्हणून मी तेवढंच लिहिणार आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते धान रोवण्याच्या दिवसांत. जवाहरनगरच्या कारखान्यात सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर तुमसरला घर बांधलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की स्कूटरवर एक म्हातारा आला आहे, खांद्याला कापडी पिशवी आहे आणि तो मठातल्या लांब खोलीच्या कुलपाकडे बघत उभा आहे. त्या खोलीची किल्ली आमच्या घरी असते. सासऱ्यांच्या काळापासून आमचं आणि आणखी चार घरांचं धान तिथं राहतं. मला वाटलं, खोली काढून घ्यायला तहसिलातून कोणी आलं. मी धानाच्या बांधीतून वर आलेच नाही. चार वाजता चिखलाच्या पायांनी आले तर तुम्ही तिथंच, उंबऱ्याच्या दगडावर, छत्री उघडून.

“नोटीस दाखवा, मंग किल्ली,” मी म्हटलं.

“नोटीस नाही बाई. फीत आहे.” आणि पिशवीतून काढून दाखवलीत.

“फीत कायले?”

“मोजाले.”

“मोजून कोणाले देता?”

“कोणालेच नाही. आजवर कोणी मोजलंच नाही, म्हणून मोजतो.”

मला हे पटलं नाही. पण खोटं बोलणारा माणूस याहून बरं कारण सांगतो, असा विचार करून किल्ली दिली.

फितीला दोन टोकं असतात आणि तुम्ही एकटे होता. पहिल्या दिवशी तुम्ही एक टोक दगडाखाली दाबून दुसरीकडे चालत जायचात, तोवर पहिलं सुटायचं. पुन्हा परत. तीन वेळा बघितलं. चौथ्या वेळी माझ्याच्यानं बघवेना, जाऊन टोक धरलं. तेव्हापासून शून्याकडचं टोक माझं. तुम्ही पलीकडून विचारायचात, “धरलं?” मी म्हणायचे, “धरलं.” मग तुम्ही आकडा ओरडायचात आणि तोही कारखान्याच्या सवयीनं मिलिमीटरमध्ये. “सहा हजार चारशे दहा.” मी म्हणायचे, “एवढा मोठा आकडा कायले सांगता, खोली तं तेवढीच आहे.” तुम्ही हसायचा नाहीत. माप चालू असताना तुम्ही कधीच हसला नाहीत.

मठ तसा मोठा नाही. तलावाच्या पाळीखाली, गावाच्या टोकाला. चौकाच्या तीन बाजूंना नऊ कोठड्या, चौथ्या बाजूला लांब खोली, समोर पायऱ्यांची विहीर आणि एक देऊळ, ज्यात मूर्ती नाही. कोणत्या साधूंचा, गावात कोणाला सांगता येत नाही. पाळीवर उभं राहिलं की पलीकडे आंबागड दिसतो, म्हणून आम्ही समजायचो की गडाच्या राजानंच बांधला असेल. तुम्ही म्हणालात, मठ गडाहून पुष्कळ जुना आहे, यादवांच्या काळातला असावा. “असावा” हा शब्द तुम्ही नेहमी लावायचात. तो मला आवडायचा. बाहेरून येणारे लोक तो वापरत नाहीत.

पहिलं भांडण कोठड्यांवरून झालं. एका कोठडीत गावची शाळा भरायची, नवी इमारत होईपर्यंत. एकीत भजनाचं सामान आहे. दोनांत धानाचं तणस आणि एकीत शेजारच्यांची म्हैस. तुम्ही म्हणालात, हे सगळं बाहेर काढून मठ रिकामा केला पाहिजे, तरच टिकेल. मी तुम्हाला नऊही कोठड्यांतून हिंडवलं. चार पडलेल्या आहेत. त्या चारांत कधीच कोणी काही ठेवत नव्हतं.

“म्हशीनं राखली होय ही?” तुम्ही विचारलंत.

“म्हशीनं नाही. म्हशीसाठी आम्ही छत शाकारतो, त्यानं.”

पुढल्या खेपेला कागद आणलात, त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक कोठडीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वापरात’. तुम्ही मान्य करायचात ते असं. तोंडानं कधी नाही.

लांब खोलीचं मात्र जमलं नाही.

त्या खोलीत एका भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी ओटा आहे. ओट्याच्या वर कोनाडे, छताखाली झरोके. तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवलंत की इथं साधूंचे शिष्य ओळीनं बसून शिकत असणार. ओटा बसायला, कोनाडे पोथ्यांना, झरोके उजेडाला. मी म्हटलं, ही सैपाकाची खोली आहे. कोनाडा हाताच्या उंचीवर आहे, तिथं मीठ ठेवतात. झरोका डोक्याच्या वर आहे, त्यानं वाचायला उजेड मिळत नाही, धूर जातो. आणि दार विहिरीकडे, अकरा पावलांवर.

“शिकाले विहीर जवळ कायले पाहिजे?”

“साधू आंघोळ करून वाचत असतील.”

“अन् जेवत नसतील?”

भिंत काळी आहे, हेही मी दाखवलं. त्यावर तुमच्याकडे चांगलं उत्तर होतं. सासूबाईंच्या काळात गावच्या बायका त्या खोलीत धान उकडत. मधोमध मातीच्या चुली मांडून. हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. तेव्हा काजळी साधूंची की सासूबाईंची, कोण सांगणार. माझा पुरावा तुम्ही माझ्याच तोंडानं खोडलात आणि त्या दिवशी, मापं संपल्यावर, तुम्ही हसलात.

तुमचा एक नियम होता. माप आधी पेन्सिलीनं लिहायचं. तीनदा मोजून जुळलं की मगच शाई. आणि तिसरं माप दुसऱ्या माणसानं घ्यायचं, कारण एकच माणूस तीच चूक तीनदा करतो. म्हणून तिसऱ्या वेळी आपण टोकं बदलायचो. तुम्ही शून्य धरायचात, मी आकडा वाचायचे. दहावीनंतर माझ्या हातात वही आली ती हिशेब लिहायला आणि मुलांचा अभ्यास बघायला. नकाशा काय असतो, भिंत दोन रेघांची का काढतात, दार कुठं उघडतं ते कागदावर कसं दाखवतात, हे मी पन्नाशीजवळ आल्यावर शिकले. तुम्ही शिकवायचं म्हणून शिकवलं नाहीत. माझा आकडा तुम्ही तपासायचात आणि बरोबर असला तर काही न बोलता लिहून घ्यायचात. एवढंच. मला तेवढं पुरलं.

आता सारवणाचं बोलते. ते बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

दसऱ्याच्या आधी आम्ही ती खोली सारवतो. जमीन, भिंती कमरेपर्यंत आणि ओटा. शेण, पांढरी माती आणि धानाचा कोंडा. सांधे बुजले नाहीत तर उंदीर आणि घुशी आत घर करतात, नवं धान येईपर्यंत पोतीच्या पोती चाळणी होतात. सासूबाई सारवायच्या, त्यांच्या सासूबाई सारवायच्या. ओट्यावर किती थर आहेत देवाला ठाऊक. तुम्ही दर वर्षी म्हणायचात, “एक वर्ष सोडा, बाई. नुसता ओटा. मले दगडाचे सांधे पाहू द्या.” मी दर वर्षी म्हणायचे, “अन् धान तुमच्या घरी ठेवू का?” त्यात राग नव्हता. होळी-दिवाळी येते तसं ते बोलणं यायचं.

मागल्या भादव्यात नागपुरातून कॉलेजची मंडळी मठ बघायला आली. तुम्हीच बोलावली होती. मी किल्ली घेऊन आले होते, चहाचं भांडंही आणलं होतं. लांब खोलीत कोणीतरी विचारलं, या ओट्याचं बांधकाम दिसत का नाही. तुम्ही म्हणालात, “इथल्या बायका सारवून सारवून सगळं झाकून टाकतात. काय करणार.” सगळे हसले. एका मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

काकाजी, सात वर्षं फितीचं टोक धरलं होतं मी. त्या खोलीत उभी होते, चहा गाळत. आणि मी इथल्या बायकांपैकी एक होते.

लोक गेल्यावर तुम्ही विचारलंत, “बरं झालं ना? चांगली माणसं होती.” मी कप धुतले. दसऱ्याला ओट्यावर एका थराऐवजी तीन थर चढवले. कोपरे हातानं दाबून दाबून बुजवले. असं सारवण मी स्वतःच्या घराला कधी केलं नाही.

कार्तिकात तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता हे मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत. इकडं मळणी चालू होती, मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू येत होतं.

“ओटा सारवला का?”

“सारवला. औंदा तीन हात दिले.”

“मोठ्या जिद्दी बाई आहात तुम्ही.”

“ठेवते, काकाजी. मशीन थांबली आहे.”

मशीन थांबली नव्हती. त्यानंतर आपण बोललो नाही. दवाखान्याचं कळल्यावर मी आले नाही, कारण धान उघड्यावर होतं. हे खरं कारण आहे आणि पूर्ण कारण नाही. तुम्ही माफी मागावी, असं मला वाटत होतं का? नाही. कशाबद्दल मागायची ते तुम्हाला कळावं, एवढं वाटत होतं. तुम्हाला ते कळलं नसावं. “असावं” हा शब्द मी तुमच्याकडूनच घेतला.

तुमच्या तेरवीला तुमची मुलगी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिनं मला आधी कधी बघितलं नव्हतं, पण म्हणाली, “तुम्ही फीतवाल्या मावशी.” म्हणजे घरी तुम्ही काहीतरी सांगत होता. तिनं मठाचा मोठा कागद गुंडाळी करून माझ्या हातात दिला. म्हणाली, हा तालुक्याच्या वाचनालयात लावायचा आहे, पप्पांची तशी इच्छा होती. सगळी नावं शाईत आहेत, एकाच खोलीची पेन्सिलीत राहिली आहेत. तुम्ही बघून सांगा, मी शाई फिरवते आणि देऊन टाकते, मला पंधरा दिवसांत पुण्याला परत जायचं आहे.

घरी येऊन कागद उघडला. देऊळ शाईत, विहीर शाईत, नऊ कोठड्या शाईत. लांब खोलीत पेन्सिलीनं, ‘अध्ययन कक्ष’. ओट्याशी ‘बैठक’. आपलं जुळलं नव्हतं म्हणून तुम्ही शाई केली नव्हती. हट्टी माणूस नियमाला मात्र सच्चा. मी ठरवलं होतं की पोरीला सांगावं, फिरव शाई. तुमचा कागद, तुमचं नाव. मरून गेलेल्या माणसाशी कशाला वाद घालायचा.

त्याच आठवड्यात खोलीतलं धान उचललं गेलं. खोली रिकामी झाली तेव्हा ओट्याच्या पायथ्याशी घुशीनं उकरलेली ओंजळ-दोन ओंजळ माती दिसली. तीन थर देऊनही. बीळ बुजवण्याआधी त्यात काचा भरायच्या असतात, म्हणून किती खोल आहे ते बघायला सब्बल घातली. सब्बल हातभर आत गेली. ओटा भरीव नव्हता.

घुशीनं बाहेर काढलेली माती काळी होती आणि हातात घेतल्यावर तिचं वजन लागत नव्हतं. राख. मी विहिरीचं पाणी आणलं, पोत्याचा तुकडा भिजवला आणि ओट्याच्या वरच्या बाजूचं सारवण सोडवायला बसले. माझे तीन थर आधी निघाले. मग सासूबाईंचे. मग कोणाचे, माहीत नाही. दुपार त्यात गेली. खाली घडीव दगड लागला आणि त्या दगडात एक गोल सांधा. परातीएवढा. दगडाचंच झाकण, चुन्यात बसवलेलं. त्याच्या पुढं दुसरा. एकूण पाच. सब्बलीनं एक कलतं केलं. आतली बाजू भाजून विटेसारखी लाल झालेली आणि तळाशी राख. सासूबाईंच्या चुली मातीच्या आणि खोलीच्या मधोमध होत्या. ही राख त्यांची नाही.

म्हणजे माझं बरोबर होतं. आणि तुमचंही बरोबर होतं. इथल्या बायकांनी सारवून सारवून सगळं झाकून टाकलं होतं. एक वर्ष, नुसतं एक वर्ष मी ओटा सोडला असता, जुने थर तुम्हाला काढू दिले असते, तर तुम्ही ते पाच सांधे दारातूनच बघितले असते. तुमचा डोळा तसा होता. तुम्ही हरला असता आणि दोन महिने खूश राहिला असता.

आणखी एक सांगते. ती झाकणं तुटकीफुटकी नाहीत. नीट घडवलेली, नीट बसवलेली आहेत. शेवटी जे कोणी मठ सोडून गेले, त्यांनी जाताना चुली झाकल्या. आपण गावाला निघताना चूल झाडून त्यावर ताट पालथं घालतो तसं. हे माझं म्हणणं आहे, पुरावा नाही. पेन्सिलीत धरा.

मी तुमच्या मुलीला फोन केला आणि विचारलं, रविवारी मठात येशील का, एक तिसरं माप घ्यायचं आहे. ती म्हणाली, “मावशी, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हीच करा, तुम्ही म्हणाल ते मी लिहिते.” आमचे हे चिखल्याच्या खाणीतून पाळी करून आले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “काकाजी गेले, आता मठात काय काम राह्यलं तुह्यं?” वाईट मनानं नाही म्हणाले. दिवसभर जमिनीखाली असलेल्या माणसाला आणखी एक भोक दाखवून काय होणार. जेवून झोपले.

फीत माझ्याकडेच होती. पोती शिवायचा दाभण ओट्याच्या सांध्यात ठोकला, शून्याची कडी त्यात अडकवली आणि दुसऱ्या टोकाला चालत गेले. तिथं पोहोचून थांबले. कशासाठी थांबले ते क्षणभर कळलं नाही. मग कळलं. कोणी “धरलं?” विचारत नव्हतं. मी आकडा मोठ्यानं वाचला, ओट्यावरची वही घ्यायला परत आले आणि लिहिला. पाची तोंडं अशी मोजली. दोनदा. दोन्ही मापं जुळली. तिसरं घेतलं नाही. ते माझं नव्हतं.

कागदावर तुमचं ‘अध्ययन कक्ष’ मी पुसलेलं नाही. त्याच्याखाली पाच गोल काढले आहेत, मापं टाकली आहेत आणि लिहिलं आहे, ‘चुली’. पेन्सिलीनं. मुलगी म्हणाली, पेन्सिलीचं वाचनालयात वर्षभरात पुसट होऊन जाईल. मी म्हटलं, होऊ दे, तुमसरला बाजाराला जातेच मी, पुन्हा गिरवत जाईन.

घुशीच्या बिळात काचा भरल्या. दसऱ्याला खोली सारवीन, धान ठेवायचंच आहे. ओटा सोडणार आहे. उंदरांचं मी बघते.